नुईचा हात

दिवा तुमच्याकडे सरकवून घ्या, मला लागत नाही. आणि माझ्या या डाव्या हाताकडे बघून अवघडू नका. तो दाराच्या फटीतून आत गेला आहे, कारण आत माझी मुलगी ताकी झोपली आहे आणि मी तिचा डावा हात धरला आहे. ताकी एकोणीस वर्षांची आहे. एवढ्या मोठ्या मुलीचा हात बाप चोवीस तास का धरून बसतो, अशी कुजबुज गल्लीत सगळेच करतात. तुम्ही निदान तोंडावर विचारलंत, म्हणून सांगतो.

मी तेव्हा छापणारा होतो. आमच्या धंद्यात चित्र काढणारा वेगळा, ते चेरीच्या फळीवर कोरणारा वेगळा, आणि कोरलेल्या ठशाला शाई लावून कागदावर उतरवणारा वेगळा. नाव चित्रकाराचं होतं आणि पाठ छापणाऱ्याची मोडते. पण हात चांगला होता माझा. ओल्या कागदाच्या मागून चकती रगडली की आकाशाचा निळा रंग खालून वर विरत जायचा, आणि बघणारा म्हणायचा, वा, संध्याकाळ झाली.

भूकंपाला दीड वर्ष होत आलं होतं. जानेवारीतली कोरडी, स्वच्छ उन्हाची सकाळ. प्रकाशकाचा निरोप आला की यानाकाला जा आणि कोरणाऱ्या इवाझोकडून शिओमी गल्लीचे ठसे घेऊन ये. तोक्यो जळून गेल्यावर लोकांना जुन्या शहराची चित्रं हवीशी झाली होती. आपला पूल, आपलं दुकान, आपली गल्ली, जे जे राख झालं ते ते भिंतीवर हवं होतं. शिओमी गल्ली फुकागावातली, कालव्याच्या काठची. आमचीच गल्ली. भूकंपाच्या आधीच्या वसंतात ओगुशी नावाचा म्हातारा चित्रकार महिनाभर साकेवाल्याच्या गुत्त्याबाहेरच्या बाकावर बसून तिथली माणसं चितारत होता. त्याचं चित्र कोरायला यानाकाला गेलं, आणि यानाका आगीतून वाचलं, म्हणून ठसे वाचले. गल्ली वाचली नाही. ओगुशीही वाचला नाही.

माझी बायको नुई त्या दिवशी घरी होती. मी नदीपलीकडे कामावर होतो. दुपारी बाराला जमीन हलली, चुली पेटलेल्याच होत्या, आणि पुढे काय झालं ते साऱ्या जगाला माहीत आहे. नुई सापडली नाही. एका मडक्यात राख मिळाली, ती कोणाचीही असेल. पाच वर्षांची ताकी मात्र तिसऱ्या दिवशी नदीपलीकडे उएनोच्या बागेत, हरवलेल्या पोरांच्या रांगेत उभी दिसली. अंगावर एक भाजल्याची खूण नाही, पायातल्या सपाता शाबूत. तिला तिथे कोणी आणून सोडलं हे कोणालाच सांगता येईना. मी तिला कधी विचारलं नाही. भ्यायलो. विचारलं असतं तर आज मी इथे असा बसलो नसतो.

इवाझोकाका पासष्टीचा होता, तिरसट, एका डोळ्याने अधू. मी गेलो तेव्हा तो अंगणात कोरडी पानं झाडत होता.

"आलास? मला वाटलं दुसऱ्या कोणाला तरी पाठवतील. तुझ्या गल्लीचं चित्र तुलाच छापायला लावायचं म्हणजे अक्कल गहाण टाकलीय त्या माणसाने."

"मीच मागून घेतलं, काका. नुई आहे त्यात."

तो आत गेला, कापडात बांधलेल्या सहा फळ्या घेऊन आला. माझ्या पाठीवर चढवताना मात्र गाठ त्याने दोनदा तपासली.

"मो, आधी नुसत्या काळ्या रेषांचा एक कच्चा छाप काढ. रंग लावायच्या आधी. आणि नीट बघ."

"का? काही चुकलंय?"

"मी चुकत नाही. कागदावर जे काढलेलं असतं तेच कोरतो. जा आता, ऊन आहे तोवर पोच."

घरी आलो तेव्हा ताकी दारातल्या उन्हात बसून भाजलेलं रताळं खात होती. घर म्हणजे काय, जळक्या जागेवर उभ्या केलेल्या फळ्या आणि वर पत्रा. मी काळ्या रेषांचा मुख्य ठसा उलगडून मांडीवर घेतला. शाई न लागलेलं चेरीचं लाकूड, त्याला अजून खळीचा आंबूस वास येत होता. आणि त्यात आमची गल्ली. टोफूवाला क्यूगो कावड घेऊन वाकलेला. फणीवाला देनपाची दुकानाच्या पायरीवर. न्हाणीघराची मालकीण ओतेत्सुबाई कमरेवर हात ठेवून कोणाला तरी झापते आहे. आणि आमच्या दारात नुई, तिच्या शेजारी ताकी, आणि नुईच्या हाताने ताकीची बाही घट्ट धरलेली.

मला रडू आलं. एक गोष्ट तेव्हाच जाणवली होती, पण तिचा अर्थ लागला नाही. आयुष्यभर शेकडो ठसे हाताळले, त्यांच्यावरची माणसं मला नेहमी परकी वाटत आली. ही माणसं मात्र ओळखीची वाटली. जिवंत वाटली. नुई तर अशी दिसत होती की आता मान वळवून म्हणेल, रताळं एकट्याने खाल्लं ना कार्टीने. मी खुळ्यासारखा लाकडाशी बोललोसुद्धा.

मग शाई घोटली, ठसा ओला केला, कागद खाचेला लावून ठेवला, चकतीने रगडला आणि कोपरा धरून उचलला.

आमच्याकडे किमोनो घालताना डावी कड उजवीवर घेतात. राजा असो की भंगारवाला. उजवी कड डावीवर फक्त एकदाच येते, माणूस मेल्यावर, तेही त्याला दुसऱ्यांनी नेसवताना. लहान पोराने चुकून तसं घातलं तर आई धपाटा घालून आधी ते सोडवते. ठशावर तर सगळंच उलटं कोरलेलं असतं, आरशातल्यासारखं. त्यामुळे प्रत्येक ठशावरचा प्रत्येक माणूस मेलेल्यासारखा नेसलेला दिसतो आणि कागदावर उतरला की सरळ होतो. आमच्या डोळ्यांना त्याची इतकी सवय असते की आम्ही ते बघतही नाही.

या ठशावरची माणसं मला जिवंत का वाटली, ते तो ओला कागद हातात धरल्यावर कळलं. लाकडावर ती सरळ नेसलेली होती. कागदावर ती मेली.

क्यूगो. साकेवाला. त्याच्या दोघी मुली. छत्र्या करणारा, त्याची सासू. एकेकाच्या गळ्याशी ती उलटी घडी. नुईच्याही. बोटाने एकेक दाखवत गेलो तसतशी आगीत गेलेल्यांची यादीच वाचत असल्यासारखं झालं. जे सात-आठ जण वाचले होते तेवढे सरळ नेसलेले. आणि हे चित्र काढून, कोरून झालं होतं भूकंपाच्या महिनाभर आधी.

मग बोट ताकीपाशी आलं. तिची उजवी कड वर होती.

"बाबा, काळं काळं काय आहे ते?" ताकीने मागून विचारलं. मी कागद उलटा केला.

तेवढ्यात ओतेत्सुबाई आली. ती रोज दुपारी ताकीला न्हाऊ घालायला घेऊन जायची. तिचं न्हाणीघर जळालं होतं, पण दोन पिंपं आणि चार फळ्यांवर तिने दुसरं उभं केलं होतं. दारातून आत येतानाच तिचं तोंड सुरू असायचं.

"दाखव की मोसान, दाखव! आपली गल्ली ना? … अगंबाई, मला एवढी जाडी काढली मेल्या म्हाताऱ्याने! माझं महिनाभर फुकट गरम पाणी वापरलं आणि हे उपकार फेडले."

"वहिनी, गळ्याकडे बघा. सगळ्यांच्या."

तिने कागद उजेडाकडे धरला. ती नावं घेत होती, नुसत्या श्वासाने.

"देनपाची," ती शेवटी म्हणाली. "देनपाची तर आगीतून वाचला होता, मोसान."

मी विसरलो होतो. देनपाची वाचला होता. गेल्या आठवड्यात, नवीन वर्षाच्या तिसऱ्या दिवशी, मोची, म्हणजे चिकट भाताचा गोळा, घशात अडकून मेला. सुनेने पाठीत गुद्दे घातले, सांडशी तोंडात घातली, पण उपयोग झाला नाही. आणि चित्रात त्याची कड उलटी होती, दीड वर्ष आधीपासून.

म्हणजे ही फक्त आगीची गोष्ट नव्हती. ज्याची कड उलटी तो जाणार, आज ना उद्या. आणि उलट्या कडेच्या सगळ्या माणसांत आता एकच जिवंत राहिलं होतं. ते दारात बसून बोटांना चिकटलेलं रताळं चाटत होतं.

ओतेत्सुबाईने चित्रातल्या ताकीवर तळहात ठेवला, झाकल्यासारखा.

"इवाझोकडे जा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. बदलून दे म्हणावं. मी बसते हिच्याजवळ. आज न्हायचं नाही, पाण्याजवळ न्यायचं नाही, काही नाही. तू जा."

मी मुख्य ठसा पाठीवर टाकला आणि जवळजवळ पळतच यानाका गाठलं. दुपार कलायला अजून वेळ होता. इवाझोकाका मला बघून उठलाच नाही. शेगडीवर हात शेकत बसून राहिला.

"बघितलंस तर," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं!"

"काय माहीत होतं? चित्राचा कागद पालथा चिकटवून कोरतो मी. पन्नास वर्षं उलटी माणसं कोरली. यांची कोरायला लागलो तर म्हटलं, ही सरळ कशी? ओगुशीला बोलावून विचारलं, म्हातारचळ लागला का रे, कपडे कसे घालतात विसरलास? तर म्हणतो, मला जसे दिसले तसे काढले. त्याला स्वतःलाही कळत नव्हतं काय काढलंय ते. आणि मी…" त्याने निखारा परतला. "मी कोरलं. चित्रकाराने काढलेलं आमच्या हातून बदलायचं नसतं."

"माझी पोर आहे यात, काका."

त्याने ठसा खिडकीजवळ नेला. नाक लाकडाला लागेल इतका वाकला. बाहेर कोणीतरी देवळाच्या वाटेवरची वाळलेली पानं झाडत होतं, तो खराट्याचा आवाज येत राहिला.

"गळ्याला हात लावता येत नाही," तो म्हणाला. "रेष केसासारखी आहे आणि हनुवटीला चिकटलेली. तिथलं लाकूड काढून नवीन बसवायचं तर अर्धा चेहरा काढावा लागेल. पोरीचा चेहरा काढू?"

"नको! नको."

"मग नाही जमत."

मी त्याचे पाय धरले. म्हातारा मागे सरकला, शिव्या देत. मग पुन्हा ठशाकडे बघायला लागला आणि त्याचा आवाज खाली आला.

"हे बघितलंस का? गळा नाही. हात. तुझी बायको गेलेली आहे आणि तिने पोरीची बाही धरलीय. अशी धरलीय की बोटं रुतलीत. मेलेल्या माणसाने धरलंय, मो. ती एकटी जायला तयार नाही… हात काढता येईल. तिच्या बाहीच्या पुढचं नुसतं कोरून साफ करायचं. दहा मिनिटांचं काम. पोर सुटेल."

मला ते पटलं. सांगायला लाज वाटते, पण क्षणभर नुईचा रागही आला. इतकी वर्षं संसार केला, आणि आता पोर ओढून न्यायला निघाली. मग लगेच तिचे हात आठवले. थंडीत कागद भिजवून भेगाळलेले, तेल लावलं तरी खरखरीत. त्या हातांनी तिने माझ्यासाठी काय काय केलं होतं, आणि मी ते कोरून टाकायला सांगणार होतो.

"विचार कर," इवाझोकाका म्हणाला. "लाकूड परत उगवत नाही."

"काढा."

तो छिन्नी घासून बसला. मी तोंड फिरवलं नाही. एवढं तरी बघायला हवं असं वाटलं. लाकडाचा बारीक आवाज यायला लागला, नखाने भिंत खरवडावी तसा. नुईचा अंगठा गेला. मग बोटं एकेक. मी मनात म्हणत होतो, माफ कर गं, पोरीसाठी करतोय, माफ कर. शेवटची ढलपी सुटून पडली, तशी त्याने सवयीने बोटाने सगळं झाडून शेगडीत टाकलं. ते चर्र झालं, एक इवलीशी ज्योत उठली, आणि चेरीच्या लाकडाचा गोडसर वास खोलीभर पसरला. आम्ही दोघंही त्या शेगडीकडे बघत राहिलो.

त्याच्याच शाईने तिथेच एक छाप काढला. नुई दारात उभी, बाहीतून काही बाहेर आलेलं नाही. तिच्यापासून वीतभर लांब ताकी, एकटी.

घरी पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. ओतेत्सुबाई दारातच उभी होती आणि तिचा चेहरा काही बरा नव्हता.

"मघापासून रडतेय. का ते सांगत नाही. आजवर कधी रडताना पाहिलं नव्हतं रे मी हिला, भूकंपापासून."

ताकी भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर पडला होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"काय झालं गं, बाळ?"

"बाबा, आईने हात का सोडला?"

मी तिच्यापाशी बसलो. तीच बोलत राहिली, हुंदके देत, तुटक. सगळीकडे आग होती म्हणाली. लोक पडत होते, गाड्या पेटत होत्या. आईने हात धरला आणि म्हणाली, सुटायचं नाही हं. मग आई पडली. मग पुन्हा उठली, पण वेगळीच दिसत होती, आणि तिने हात सोडला नाही. आगीतून नेलं तरी गरम लागलं नाही. पूल नव्हता तिथून नेलं. उएनोच्या झाडांपाशी आली, मग दिसेनाशी झाली, पण हात होता. जेवताना, झोपताना, खेळताना. रोज होता.

"आज सोडला," ताकी म्हणाली. "मी काही केलं नाही, बाबा. मी शहाण्यासारखी बसले होते."

ओतेत्सुबाई भिंतीशी खाली बसली. मी काय करून आलो होतो ते तिला माझ्याकडे बघूनच कळलं. उलट्या कडेची पोर दीड वर्ष कशाच्या जोरावर जगली, हे आता मलाही कळलं होतं. आणि ते शेगडीत जळून गेलं होतं.

मला काही सुचेना, म्हणून मी उठून भात टाकायला गेलो. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. झाकण काढून बघतो तर तांदूळ अजून शिजायलाच लागले नव्हते. मागे वळलो. ताकी जागची हलली नव्हती, पण तिच्या केसांच्या टोकांतून बारीक धूर येत होता. किमोनोची कड तपकिरी होत चालली होती, कागद निखाऱ्यावर धरला की होतो तशी. ती ओरडत नव्हती. आश्चर्याने बघत होती.

मी झेप घालून तिचा हात धरला. वास थांबला. हात गार झाला, साध्या पोरीच्या हातासारखा. मी ओतेत्सुबाईकडे बघितलं आणि मुद्दाम, एक श्वासभर, बोटं उघडली. पुन्हा तो वास. पुन्हा मिटली.

त्या दिवसापासून तो हात सुटलेला नाही. दोरीने बांधून पाहिलं, चालत नाही. माणसाचा हातच लागतो. छापायला दोन्ही हात हवेत, म्हणून धंदा गेला. आता एका हाताने काड्यापेट्या चिकटवतो. झोपताना दोघांच्या मुठीवर फडकं गुंडाळतो. न्हायला, कपडे बदलायला ओतेत्सुबाई न्यायची. बारा वर्षं नेलं त्या माउलीने, एक दिवस चुकला नाही, आणि एक दिवस कुरकुरल्याशिवाय गेला नाही. "अगं घोडे, तुझ्या पायी माझा हात लांब झाला बघ," म्हणायची. इवाझोकाका त्याच वसंतात वारला. मी तोवर तीनदा गेलो होतो त्याच्याकडे, ताकीला घेऊन. तो दार उघडायचा नाही. ठसे प्रकाशकाने दुसऱ्याकडून छापून घेतले. चित्र फार खपलं. रिकाम्या बाहीची ती बाई बघून लोक म्हणत, ओगुशीने काय सुरेख दुःख दाखवलंय.

गेल्या पानगळीत ओतेत्सुबाई गेली. आणि माझ्या या हाताला रात्री मुंग्या येतात, बोटं आपोआप उघडतात. फडक्यावर किती दिवस भरवसा ठेवायचा? मी गेल्यावर हिला कोण धरणार? हा एकच विचार मला खात होता. म्हणून मी हामाकाकूला बोलावलं. ती लग्नं जुळवते. म्हटलं, गरीब असो, लंगडा असो, विधुर असो, पण हात सोडणार नाही असा बघा.

गेल्या रविवारी दुपारी ती आली. म्हणाली, मुलीशी एकटीने बोलते, बापासमोर मुली तोंड उघडत नाहीत. मी ताकीचा हात तिच्या हातात दिला.

"काकू, पोर बुजरी आहे. हात तेवढा सोडू नका. कृपा करा."

"मोसान, चाळीस वर्षं मुली बघतेय मी. तुम्ही चहा घ्या निवांत."

त्या आतल्या खोलीत गेल्या. मी इथे, या दारासमोर बसलो. या घराला दुसरं दार नाही, खिडकीही नाही, आत एक चटई आणि दोन बसायच्या गाद्या आहेत. मी नाकाने कान लावून बसलो होतो म्हणा ना. वास येत नव्हता. आतून काकूचं बोलणं ऐकू येत होतं, मग हसणं, मग थोडा वेळ काहीच नाही.

मग दार सरकलं आणि हामाकाकू बाहेर आली. दोन्ही हातांनी कमरेचा पट्टा सारखा करत.

मी उठताना चहाचं भांडं लवंडलं.

"काकू! हात…!"

"अहो बसा, बसा! काय घाबरता! तिची मावशी आहे ना आत, तिने धरलाय. चांगली आहे मुलगी, मला पसंत आहे. मावशी मात्र जरा शिष्टच हो तुमची. मी एवढं बोलले, तोंड वर करून बघितलंसुद्धा नाही."

आमच्यात कोणी मावशी नाही. मी हवा हुंगत उभा राहिलो. करपल्याचा वास नव्हता. जराही नव्हता.

माझ्या छातीत काय झालं ते तुम्हाला कसं सांगू. बारा वर्षांनी माझ्या मनात पहिल्यांदा उजेड पडला. नुई आली. मी तिचा हात तोडला, तरी आली. मला माफ केलं तिने. मी हामाकाकूला बाजूला सारून आत गेलो.

ताकी चटईवर बसली होती. शेजारची गादी दबलेली होती. ताकीचा उजवा हात बाजूला, खांद्याच्या उंचीला उचललेला, आणि त्याची बोटं एकमेकांत चेंगरून पांढरी पडली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"आई आली का गं?" मी विचारलं. "ताकी… आईच ना?"

तिने खूप सावकाश मान हलवली, जणू शेजारच्याला कळू नये.

"नाही, बाबा," ती पुटपुटली. "आई एवढं आवळत नाही…"